कबूलचं फिंजान

शनिवार, ४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! सना शहरातून निघताना गाडीवाला तीन तास म्हणाला होता. लागले सात, आणि त्यातले शेवटचे दोन मी डोळे मिटून काढले, कारण हराजच्या डोंगरात रस्ता असा नसतोच, असतो तो नुसता ड्रायव्हरचा आत्मविश्वास. पण वर आले, खाली पाहिलं आणि सगळा वैताग पळाला. डोंगराला बांध घालघालून केलेल्या कॉफीच्या पट्ट्या पार ढगात उतरत गेल्या आहेत, झाडं लाल फळांनी वाकली आहेत, आणि गावातल्या एकूण एक गच्चीवर फळं वाळत घातली आहेत. वारा फिरला की साऱ्या गावाला मनुकांचा वास येतो. दहा वर्षं ही कॉफी चमच्यानं चाखतेय. ती राहते कुठे ते आज पाहिलं.

घर हाज मुकबिल यांचं. दगडी, पाच मजली, कड्याच्या टोकावर. झाडं पणजोबांपासूनची, पण कॉफी नेहमी बाजारात दुसऱ्यांच्या पोत्यांत मिसळून जायची. यंदा हाजनी हट्ट धरला की आपल्या पट्ट्यांची कॉफी आपल्याच नावानं बाहेर जाईल, आणि त्यासाठी चव पारखून दर्जा ठरवणारी जीभ असलेलं कुणीतरी माणूस हवं. ती जीभ म्हणजे मी. चांगलं काम केलं तर पुढच्या वर्षी सगळ्या खोऱ्याचं काम मिळेल.

घरात माणसं मोजकी. हाज, त्यांची बायको तकिय्या खाला, कंबर वाकलेली पण बोलणं ताठ, मुलगा जैफुल्ला, पस्तिशीचा, मान खाली घालून बोलणारा, आणि त्याची चार वर्षांची मुलगी बल्कीस, जी मला पाहून पिठाच्या डब्यामागे लपली. खालानं पहिला प्रश्न विचारला तो असा, की सनात भाकऱ्या मिळायच्या बंद झाल्या का तूच खात न्हाईस? मग समोर बसून मधात भिजलेली पोळी संपेपर्यंत उठू दिलं नाही.

फोन फक्त गच्चीच्या कोपऱ्यात लागतो. माझ्या शजाशी बोलले, ती सनात माझ्या आईकडे आहे. पोरगी सात वर्षांची, पण उलटतपासणी वकिलाची. तिचा बाप कामाला म्हणून गेला तो परतच आला नाही, त्यामुळे ‘कामाला जाते’ या शब्दांवर तिचा काडीचा विश्वास नाही. चाळीस दिवस सांगितलेत. येणार, येणार, येणारच, असं निघताना तीनदा वदवून घेतलं होतं, आज परत एकदा. आईनं मागून ओरडून सांगितलं की पोरीला झोपू दे आता.

रविवार, ५ नोव्हेंबर

सकाळपासून काम. सहा पट्ट्यांचे सहा नमुने काढले, तव्यावर भाजले, दळले, वाट्यांत घालून वर गरम पाणी ओतलं. चार मिनिटांनी वरची साय फोडायची, वास घ्यायचा, मग चमचाभर जोरात सुर्रकन ओढायचं. जितका मोठा आवाज तितकी चव पसरते. सगळं घर बघायला जमलं होतं. खाला म्हणाली, आमचं गाढव बी पाणी पिताना एवढी लाज सोडत न्हाई. बल्कीस हसून लोळली. मी प्रत्येक घोट थुंकते हे पाहून तर हाजना वाईटच वाटलं. त्यांना सांगितलं की गिळलं की जीभ आळसावते, आमच्या धंद्यात गिळायचं नसतं. वरून तिसरी पट्टी अप्रतिम आहे. सुक्या अंजिराची चव आणि मागून काहीतरी वेलदोड्यासारखं.

एरवी घरात सगळे किशर पितात, म्हणजे टरफलांचा काढा, दाणे विकण्यासाठी. पण असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर गच्चीवर खऱ्या दाण्यांची कॉफी होते, रोज एकदाच. मी परक्या बाईनं बसावं तशी सगळ्यांपासून लांब, जिन्याच्या दाराला टेकून बसले. खालानं पाच फिंजानं, म्हणजे बिनकानाचे छोटे पेले, भरली. घरातल्या चौघांना चार दिली, बल्कीसलाही. पाचवं दोन्ही हातांत धरून ती जिन्याच्या दाराकडे वळली, म्हणजे माझ्याकडेच, आणि आवाज चढवून म्हणाली, कबूल?

आमच्याकडे व्यापारी खरेदीदाराला माल दाखवल्यावर असंच विचारतात. कबूल? पसंत? मला वाटलं, दिवसभर नुसती थुंकतेय, आता हिला निकाल हवाय. मी ते फिंजान घेतलं, सवयीनं सुर्रकन ओढलं, आणि इतकं सुंदर लागलं की दहा वर्षांत पहिल्यांदा नियम मोडून गिळून टाकलं. म्हणाले, कबूल! अगदी मनापासून कबूल!

जैफुल्ला उठून कठड्याशी गेला. हाजनी डोक्यावरच्या फडक्याचं टोक डोळ्यांना लावलं. खाला वाकत वाकत आली आणि माझ्या कपाळाचे मुके घेत राहिली. कौतुकानं इतकं भारावणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. मी पण लाजून हसले.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

मेल्याहून मेल्यासारखं झालंय. कबूल हे माणसाचं नाव आहे.

हाजनीच सांगितलं, फळं निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. कबूल ही त्यांची सून, बल्कीसची आई. घराच्या अंगणात पेव आहे, तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात वर्षानुवर्षांची सुकी फळं ठेवतात, वाईट वर्षासाठी. तीन वर्षांपूर्वी पाहुणे आले म्हणून कबूल जुनी कॉफी काढायला खाली उतरली. आधी दिवा सोडून पाहिला होता, हवा चांगली होती, दिवा जळत होता. तिनं टोपली भरली, वर ओढा म्हणाली. टोपली वर आली. मग ती आली नाही. जैफुल्ला लगेच उतरला. खाली एक खोली मावेल एवढी जागा, दुसरं दार नाही, फट नाही, आणि ती नाही.

मढं नाही म्हणून कबर नाही, कबर नाही म्हणून सुतक नाही. घरातलं माणूस बाहेर गेलं असेल तर हे लोक त्याचं फिंजान भरतात आणि जिन्याकडे तोंड करून त्याला हाक मारतात. ते कुणी प्यायचं नसतं. दिवस मावळला की पहिल्या पट्टीतल्या झाडाला ओततात. आणि मी शहाणी तिथे बसून ते घटाघटा प्याले, वर तिच्या नावानं ओ दिली.

खालाचे पाय धरून माफी मागितली. ती म्हणाली, माफी कशाची बाय, तीन वर्सं हाक मारत व्हते, कुनी ओ दिली न्हाई. तू दिलीस. आणि माझे केस कानामागे सारले. आज असरला ताटात चारच फिंजानं होती, जिन्याकडे हाक मारायचं पाचवं नव्हतं. मी मोजली.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

एक गंमत झाली. गंमतच म्हणते.

फळं चाळायला बारीक छिद्रांची चाळण हवी होती. मी उठले, तिसऱ्या मजल्यावर गेले, ज्वारीच्या रांजणामागे हात घातला आणि ती घेऊन आले. खाली आल्यावर खालानं चाळणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान डोलावून पुन्हा कामाला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की चाळण तिथे असते हे मला कुणी सांगितलं?

दुपारी टाक्यावर पाण्याला गेले. तिथल्या बायका म्हणाल्या, काय गं, लई दिसांनी पान्याला आलीस, घरच्यांनी कोंडून ठिवली व्हती का? मी म्हटलं मी सनाची, कामाला आलेय. त्या एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणाल्या, व्हय व्हय, सनाची, आमी बी समद्या सनाच्याच. चेष्टेखोर आहेत. मी पण हसले, पण घागर डोक्यावर घेऊन दोनशे पायऱ्या चढले आणि एक थेंब सांडला नाही, तेव्हा हसू आलं नाही. मी जन्मात घागर डोक्यावर घेतलेली नाही.

बल्कीस आता लपत नाही. जेवण झालं की मांडीवर येऊन झोपते. आज तिला थोपटताना मी अंगाई म्हटली. शजाची नव्हती. कुठून आली ते माहीत नाही.

सोमवार, १३ नोव्हेंबर

जीभ गेली.

सहा वाट्या मांडल्या, सहा पट्ट्यांच्या. पहिली ओढली, ओला दगड आणि बंद हवा. दुसरी, तीच. तिसरी, जिच्यावर मी अंजीर आणि वेलदोडा लिहून ठेवलं होतं, तीच. सहाही एक. मीठ चाटून पाहिलं, लिंबू पिळून घेतलं, वाटलेल्या हिरव्या मिरच्यांचा मोठा घास खाल्ला. डोळ्यांना पाणी आलं पण तोंडात तीच चव. आता ती ओळखली. त्या फिंजानाची आहे. तेव्हा सुंदर लागली होती.

सर्दी असेल. उंचीवर होतं असं. हाजना काही बोलले नाही, वहीत मागचेच शेरे थोडे फिरवून लिहिले. दहा वर्षांत पहिली खोटी नोंद. रात्री रडू आलं. माझ्याकडे दाखवायला दुसरं आहे काय? रूप नाही, नवरा नाही. जीभ होती.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

आज सगळं नीट लिहिणार.

दुपारी कोपऱ्यात जाऊन फोन लावला. शजानं उचलला. मी विचारलं जेवलीस का, शाळेत काय झालं. मी म्हटलं, अगं बोल की. मग तिनं विचारलं, तुम्ही कोण? मला वाटलं रुसलीय, लाडीगोडी लावली. ती रडकुंडीला आली आणि लांबून मला ऐकू आलं, आजी, कुणीतरी बाई आहे, आईच्या फोनवरून बोलतेय, तिला सांग ना आईला फोन दे.

आईनं फोन घेतला. मी म्हटलं मी इब्तिहाल. आई म्हणाली की बाई, माझ्या मुलीचा आवाज मला कळतो, आणि ती असं डोंगरातलं बोलत नाही. कुठे आहे ती? तिला काही झालंय का?

मी कसं बोलले होते? मला माझं बोलणं नेहमीसारखंच ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर मोठ्यानं बोलून पाहिलं, कठड्याकडे तोंड करून. मागून जैफुल्ला येत होता. थबकला. पहिल्यांदाच त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला ओरडावंसं वाटलं.

शनिवार, १८ नोव्हेंबर

खालाला धरलं आज. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि विचारलं की माझं काय केलंत.

ती तव्यासमोरून उठली नाही. भाकरी उलटत म्हणाली, म्या काय केलं? म्या हाक मारली, तू ओ दिलीस. मी म्हटलं चूक झाली, मला ते नाव आहे हे ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, ओ ती ओ, तिला चूक-बरोबर कुठलं? मी म्हटलं माझी पोरगी आहे सनात, वाट बघतेय. तेव्हा मात्र ती रडली. खरी रडली, ढोंग नव्हतं. म्हणाली, हीबी वाट बघत व्हती की गं, एक वर्साची व्हती तवापासून. आणि चुलीशेजारी झोपलेल्या बल्कीसकडे बोट दाखवलं.

मग डोळे पुसून माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं आणि म्हणाली, किती लिवतीस. आमच्या कबूलला अक्षर येत न्हवतं. तुजंबी सुटंल हळूहळू, तरास करून घिऊ नगं.

मी रोज लिहिणार आहे. मी इब्तिहाल. माझी मुलगी शजा. घर सनात, मीठबाजाराच्या मागे, निळं दार. चाळीस दिवस झाले की मी जाणार. चाळीस कशाला, परवाच जाते.

सोमवार, २० नोव्हेंबर

मला कुणी अडवलं नाही. ते लिहायला हवं. पिशवी घेऊन निघाले तर खाला म्हणाली, दार उघडंच हाय, आणि वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

दोन तास उतरून खोऱ्यातल्या बाजारात आले. सनाची गाडी उभी होती. ड्रायव्हर म्हातारा, भला. चौकीवर यादी द्यावी लागते म्हणून प्रत्येकाचं नाव लिहून घेत होता. माझ्यापाशी आला. नाव?

मी म्हटलं, कबूल. हाज मुकबिलच्या घरची सून.

तोंडातून तेच आलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. ओळखपत्र काढून दिलं. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, म्हणाला, ही कुनी दुसरीच बाई हाय, बाय, कुनाचं कार्ड घिऊन निगालीस? मी रडायला लागले. त्याला वाटलं सासूशी भांडून आलेय. गाडीतल्या लोकांना थांबवून, स्वतः मला त्याच्या भाच्याच्या जीपमध्ये बसवून वर पाठवलं. सगळ्या वाटेत तो भाचा मला समजावत होता की घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच.

दारात बल्कीस उभी होती. पळत आली, आई म्हणाली. आणि मी — हे लिहायची लाज वाटते — मला बरं वाटलं.

बुधवार, २२

अंगणातलं पेव. भर दुपारी गेले, सगळे पट्टीवर असताना. झाकणाचा दगड सरकवला. एकटीला कसा सरकला माहीत नाही.

खालून तीच चव आली. वास नाही — चव, थेट तोंडात. दिवा सोडला. जळत होता. खाली सुकी फळं, टोपली, बाकी काही नाही.

मग आवाज आला. सुर्रकन. जोरात, चमच्यानं ओढल्यासारखा. मग थुंकल्याचा. मग पुन्हा सुर्रकन. असं खेड्यात कुणी पीत नाही. असं फक्त आमच्या धंद्यातले पितात.

मी विचारलं कोण आहे.

खालून कुणीतरी शहरी आवाजात म्हणालं, येणार. येणार. येणारच.

माझा आवाज होता तो. मला माझा आवाज नीट ओळखता येतो, अजून येतो. मी दगड परत — नाही, मी दगड तसाच टाकून पळाले. संध्याकाळी पाहिलं तर झाकण जागेवर होतं.

शुक्रवार

हाजना दया आली. जुम्म्याच्या नमाजाहून आले ते सरळ माझ्याकडे. म्हणाले, पोरी, म्या पयल्या दिसालाच थांबवायला पायजे व्हतं. म्हाताऱ्याला सून मिळाली, तोंड उघडवलं न्हाई. आता बघू. म्या तुज्या नावानं हाक मारीन, तू ओ दे, बास, तुजी तू सुटलीस.

खाला आदळआपट करत खाली गेली. हाजनी स्वतः कॉफी केली. पाच फिंजानं भरली. पाचवं दोन्ही हातांत धरलं, जिन्याकडे वळले, हाक मारली. इब्तिहाल?

आम्ही सगळे जिन्याकडे पाहत बसलो. मी पण. वारा होता. मनात आलं, काय ही बाई, केव्हाची हाक मारतायत, येत का नाही? कॉफी गार होतेय.

हाजनी दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा. ते जिन्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मला कळेना माझ्याकडे का बघतायत. मी बल्कीसच्या केसांतली फुटकी टरफलं काढत होते.

मग दिवस मावळल्यावर त्यांनी ते फिंजान खाली नेऊन पहिल्या पट्टीतल्या झाडाला ओतलं. तेव्हा कळलं. तेव्हा, ओतल्यावर — मी धावले, मातीत बोटं घातली, ओली माती चाटली —

मी इब्तिहाल. मी इब्तिहाल. मी

रविवार असेल

आईला फोन केला. ती म्हणाली तुम्ही कोण ते सांगा, नाहीतर मी पोलिसांत जाते. मी म्हटलं, ये. लवकर ये. शजाला घेऊन ये, ती ओळखेल. आईनं विचारलं माझ्या मुलीला तुम्ही काय केलंत. मग म्हणाली मी निघते.

येऊ देत. लवकर. मी इथेच —

अक्षरं सरकतात. क लिहिला की पुढचं माहीत असतं. इ लिहिली की थांबावं लागतं, आठवावं लागतं.

माझी मुलगी. सात वर्षांची. तिचं नाव श वरून. श —

नाव मागच्या पानावर आहे. मागच्या पानावर पाहिलं. वाचता आलं. शजा. शजा. शजा.

बाजाराचा दिवस

जैफुल्लाची शाल फाटली होती. शिवली. चांगली शिवली.

तिसऱ्या पट्टीची फळं उतरवली. हात भरभर चालतो.

मागची पानं लई बारीक अक्षरात हायत. कुनी लिवली एवढी?

वही खाला मागत होती. चुलीला लागंल म्हणाली. न्हाई दिली. का न्हाई दिली —

सकाळ

दारात बाई आली. म्हातारी. सनाची. संगं पोरगी.

म्हातारी म्हनली माजी लेक हितं कामाला व्हती. म्हटलं हितं कुनी न्हाई. ती मला बघत व्हती. म्हनली, ही न्हवं.

पोरगी म्हनली, हीच.

पानी दिलं त्यांना. भाकर दिली. म्हातारी पट्ट्यांवर सोदायला गेली, हाज संगं. पोरगी जात न्हाई. पायरीवर बसली. रडत न्हाई. बघती नुसती. बल्कीसला भ्या वाटतं तिचं.

माजं काळीज का धडधडतं.

जवळ गेले. पोरगी म्हनली, तू येनार म्हनली व्हतीस. म्हटलं बाय, ती म्या न्हवं. तुजी आई म्या सोदून दीन. नाव सांग तिचं.

सांगितलं.

ग्वाड नाव हाय. म्हटलं थांब, लिवून ठिवते. म्हंजी इसरनार न्हाई. पोरगी बघती हातातल्या पेनाकडं.

इ

इ —